गाभाऱ्यातली कुंडी

आमच्या शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दरवर्षी यशस्वी होत असे, कारण तो कधी केलाच जात नसे. दिवाळीच्या सुट्टीनंतर विज्ञानाचे सर फळ्यावर साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान लिहून देत. आम्ही ते प्रयोगवहीत उतरवून घेत असू आणि शेजारी पानाची आकृती काढून तिचा मधला पट्टा पेन्सिलीने गिरवत असू. ‘पानाचा झाकलेला भाग आयोडीनने निळा-काळा होत नाही’ हे वाक्य मला नववीत तोंडपाठ होतं. आयोडीन मी पाहिलं होतं ते फक्त गुडघा फुटल्यावर, कंपाउंडरच्या हातात.

यात सरांचा दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्याला जी दोन-चार माणसं कारण झाली त्यांत हे सर पहिले. त्यांच्याबद्दल वाचताना कुठे हसू आलं तर ते परिस्थितीला हसल्यासारखं समजावं.

आमचं गाव डोंगरकडा नावाच्या गावाच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. हिंगोली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. शाळा म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या आणि एक घंटा. शाळेला सरकारची मान्यता होती, अनुदान नव्हतं. म्हणजे शाळा आहे एवढं सरकारला मान्य होतं. तिथे शिकवणारी माणसं जेवतात, हे अजून मान्य व्हायचं होतं. सर सहा वर्षं बिनपगारी शिकवत होते. शेजारच्या गावाहून सायकलवर येत. त्यांच्या सासऱ्यांचं वारंगा फाट्यावर खताचं दुकान होतं. यंदा अनुदानासाठी होणाऱ्या तपासणीत शाळा बसली नाही तर जावयाने खडू ठेवायचा आणि दुकानात येऊन बसायचं, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. सर आम्हाला हे कधी बोलले नाहीत. पण सासरे युरिया घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि युरिया सगळ्या गावाला लागत होता.

सर गेले असते तर आमची दहावी विज्ञानाच्या मास्तरशिवाय गेली असती. ते यायच्या आधी विज्ञान मराठीच्या सरांकडे होतं आणि ते धडा कवितेसारखा चालीत वाचून दाखवत. माझं तर त्याहून अवघड होतं. आमच्या घरी मेंढरं आणि शेळ्या. सातवीनंतर वडिलांनी मला कळपामागे न्यायचं ठरवलं होतं, तेव्हा सर घरी आले होते. वडील त्यांना म्हणाले होते, “तुमी शाळेत हाव तोवर पोरगं शाळेत. तुमी गेले की आमचं आमी बघू.” त्यामुळे तपासणीची तारीख कळली तेव्हा सरांच्या खालोखाल काळजी मला लागली होती.

तपासणी जवळ आली तशी आमच्या शाळेला प्रयोगशाळा उगवली. संस्थेचे अध्यक्ष, आम्ही त्यांना अध्यक्षसाहेब म्हणायचो, कामाला लागले. चौथ्या खोलीतले बाक बाहेर गेले. अध्यक्षसाहेबांच्या घरचं काचेचं कपाट आत आलं. त्यातल्या कपबशा काढून तिथे बाटल्या मांडल्या आणि बाटल्यांत पाणी भरलं. एकीत निळीचं पाणी घालून वर ‘मोरचूद’ अशी चिठ्ठी डकवली. सूक्ष्मदर्शक दुसऱ्या शाळेतून जीपने यायचा होता आणि संध्याकाळी पुढच्या शाळेला जायचा होता. आसपासच्या दहा गावांत त्याच्याएवढ्या तपासण्या कोणी पाहिल्या नसतील. कुठल्या पोराने त्यातून काही पाहिलं होतं, असं मात्र ऐकिवात नव्हतं.

तेवढ्यात बातमी आली की जवळा बाजारकडच्या एका शाळेत तपासणीच्या पथकाने “चालू प्रयोग दाखवा” म्हटलं आणि तिथे सगळ्यांची दातखीळ बसली. अध्यक्षसाहेबांनी सरांना बोलावलं.

“मास्तर, एक चालू प्रयोग पाहिजे.”

“कोणता दाखवू, साहेब?”

“कोणता बी. पण रंग बदलला पाहिजे. रंग बदलला की साहेब लोकांना पटतं.”

सरांचा चेहरा उजळला. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना प्रयोग करा म्हणत होतं. त्यांनी प्रकाशसंश्लेषण निवडलं आणि प्रयोग करायला मला निवडलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी पाठ केलेलं विसरत नसे. पथकासमोर शुद्ध बोलायचं म्हणून त्यांनी मला आठ दिवस घोटवलं. “‘न्हाई’ नाही म्हणायचं. ‘नाही’ म्हणायचं.” मी म्हणायचो, “व्हय सर.”

स्पिरिट आणि आयोडीन कंपाउंडरने दिलं. राहिली कुंडीतली वनस्पती. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: ‘कुंडीतील एक रोप घ्या.’ आमच्या गावात कुंडी कोणाकडेच नव्हती. सगळ्यांना शेतं होती; झाड मडक्यात लावायची वेळ कोणावर आली नव्हती. शेवटी कुंभाराकडून एक माठ आणला, तळाला भोक पाडलं, काळी माती भरली आणि कंपाउंडरच्या दारातली जास्वंदीची फांदी त्यात लावली. ती जगली. तिला पानं फुटली, एक कळीसुद्धा आली. सर रोज तिला पाणी घालत आणि कुंडी म्हणत. बाकी सगळे तिला माठच म्हणत होते.

आता पुस्तकातली पुढची ओळ: ‘हे रोप अठ्ठेचाळीस तास अंधारात ठेवा.’ म्हणजे पानांत आधीचं अन्न उरायला नको. मग पानाला काळा कागद लावून ऊन दाखवायचं आणि कुठे अन्न तयार झालं ते आयोडीनने पाहायचं. पण पत्र्याच्या शाळेत अंधार कुठून आणायचा? ऑफिसच्या पत्र्याला इतकी भोकं होती की दुपारी जमिनीवर उन्हाचे ठिपके मोजता यायचे. पुस्तकातली अक्षरं दिसू नयेत इतका अंधार हवा, असं माप सरांनी ठरवलं होतं. त्यामुळे जिथे पुस्तक वाचता येणार नाही अशी जागा शोधत आम्ही दोघं पुस्तक घेऊन गावभर फिरलो. अध्यक्षसाहेबांची खोली कापसाने आढ्यापर्यंत भरलेली होती. आमचा शेळ्यांचा कोठा चांगला काळोखा होता, पण तिथे पान अठ्ठेचाळीस मिनिटंही राहिलं नसतं.

तेव्हा मीच म्हणालो, “सर, देवीचा गाभारा.”

पुढे जे झालं त्याचं मूळ या तीन शब्दांत आहे, आणि ते माझे आहेत.

गाभारा दगडी होता, बुटक्या दाराचा. समई सोडली तर आत हाताला हात दिसत नसे. सरांनी आत जाऊन, समईकडे पाठ करून पुस्तक उघडलं. अक्षर दिसेना. सर खूश झाले. देवीची पूजाअर्चा करणाऱ्या गुरवाला आम्ही विचारलं. तो सरळ मनाचा माणूस.

“देवीला काई तकलीफ न्हाई ना याची?”

“काही नाही. दोन दिवस कोपऱ्यात ठेवायचं.”

“पानी घालायचं का?”

“थोडं घाला.”

“अन् हलवायचं?”

“अजिबात हलवायचं नाही,” सर म्हणाले. “कोणी हात लावायचा नाही. अंधार मोडायचा नाही.”

“बराबर हाय,” गुरव म्हणाला आणि त्याने मान अशी डोलावली की त्याला सरांपेक्षा जास्त कळलं असावं. कळलंच होतं. सोमवारी संध्याकाळी आम्ही माठ गाभाऱ्यात ठेवला. गुरुवारी सकाळी काढायचा होता; दुपारी पथक येणार होतं.

मधे मंगळवार होता, देवीचा वार. बाया दर्शनाला आल्या. देवीच्या उजव्या हाताला मातीचा माठ, त्यात काळी माती, मातीत हिरवं झाड, आणि त्याच पहाटे उमललेलं तांबडं जास्वंदीचं फूल. बायांनी गुरवाला विचारलं, हे काय. गुरवाने जसंच्या तसं सांगितलं: मास्तरांनी बसवलंय, अंधारात ठेवायचं, पाणी घालायचं, हलवायचं नाही.

नवरात्रात आमच्याकडे घरोघर घट बसतो. देवाच्या कोपऱ्यात माती टाकायची, तिच्यात धान पेरायचं, मधे मातीचा घट ठेवायचा, रोज पाणी घालायचं आणि नऊ दिवस जागचा हलवायचा नाही. गुरवाने सांगितलेलं यातलं एक अक्षर वेगळं नव्हतं. नवरात्र नसताना घट बसला, म्हणजे कोणीतरी नवस केला. आणि मास्तरने नवस कशाचा केला असेल, हे युरिया घेणाऱ्या प्रत्येक घराला माहीत होतं.

गुरुवारी सकाळी सर आणि मी माठ आणायला गेलो, तर गाभाऱ्याच्या दारात पंधरा-वीस बाया बसलेल्या. आत माठाला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, गळ्यात सुताचे वेढे, भोवती पाच नारळ. सर दारातच थांबले.

“मावशी, ते जरा बाहेर घ्यायचं होतं.”

पाटलाच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई पुढे बसली होती. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. ती म्हणाली, “मास्तर, पगारासाठी घट बसवला अन् तिसऱ्याच दिशी उचलाया आले? अशानं कसा व्हावा पगार?”

“घट नाही तो, मावशी. प्रयोग आहे.”

“असू द्या. नाव काय बी असू द्या. नऊ दिस हलायचा न्हाई.”

“अहो, पथक आज येऊन राहिलं!” सरांचं शुद्ध बोलणं इथे सुटलं.

“मंग पथकाला इथंच आना. दर्शन बी होईल.”

दुसरी म्हणाली, “सहा वर्षं थांबले, आता सहा दिस थांबवना का? आमी तुमच्यासाठीच बसून राहिलो, मास्तर. काल रातच्याला धा जनींनी उपास धरलाय तुमच्या नावानं.”

 आपल्यासाठी उपाशी राहिलेल्या दहा बायांना आयोडीन कसं समजावून सांगायचं, हे बी.एड.ला शिकवत नसावेत.

अध्यक्षसाहेबांना निरोप गेला. ते बुलेटवर तावातावाने आले, गर्दी पाहिली आणि त्यांचा ताव उतरला. ग्रामपंचायतीची निवडणूक दोन महिन्यांवर होती. त्यांनी चपला काढून देवीला हात जोडले आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाले, “देवीचं काम हाय. आपून मधी पडनार न्हाई. तुमचं तुमी मिटवा. पन रंग बदलला पाहिजे.” आणि गेले.

आता मला वाटलं, ही चूक माझी आहे, ती मीच दुरुस्त करावी. मी पुढे होऊन म्हणालो, “माठ नको. फक्त एक पान द्या.”

“पान कशाला रे?”

“उकळायचंय.”

“पान्यात?”

पाठ केलेलं मी विसरत नसे. “आधी पाण्यात, मग स्पिरिटात,” मी सांगितलं.

“ते काय असतंय?”

गुरव मदतीला धावला. “दवाखान्यातलं असतंय. दारूवानी.”

गाभाऱ्यात जो आवाज उठला त्याने समई हलली. देवीपुढचं पान दारूत उकळणार! सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, खूप थकून पाहिलं. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

माझी आई या सगळ्यात मागे बसली होती. ती बोलणाऱ्यातली नव्हती. ती उठली आणि म्हातारीला म्हणाली, “आत्याबाई, घटातलं धान आपून नवव्या दिशी डोक्यात खोवतोच की. देवीवरचं फूल परसाद म्हनून घेतोच की. एक पान द्या लेकराला. मंग त्यानं उकळू द्या न्हाईतर भाजू द्या. परसादाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघावं.”

म्हातारीने विचार केला. मग स्वतःच्या हाताने एक पान खुडलं, त्याला हळद-कुंकू लावलं आणि खोबऱ्याच्या तुकड्यासकट माझ्या ओंजळीत ठेवलं. मी पाया पडलो. सरही पडले.

वाटेत आईने मला विचारलं, “काय बघायचं असतंय रे त्या पानात?” मी सांगितलं की उजेड नसला तर पान अन्न करत नाही, ते बघायचं असतं. ती म्हणाली, “त्याला उकळायचं काहून? घटाचं धान कोपऱ्यात पिवळं उगवतंय अन् उंबऱ्यावरचं हिरवं. समद्या बायांला माहीत हाय.” मी तेव्हा हे हसण्यावारी नेलं. सर हसले नाहीत. ते थोडा वेळ सायकल हातात धरून तसेच चालत राहिले.

आता अडचण अशी होती की त्या पानाने दोन दिवस ऊन पाहिलेलंच नव्हतं. त्यात अन्न नव्हतं, म्हणजे आयोडीनने ते निळं होणार नव्हतं. शाळेच्या दारात कडुलिंबाचं मोठं झाड होतं, त्याला हजारो पानं होती आणि सगळी सकाळपासून उन्हात होती. त्यातलं एक तोडलं असतं तरी निळं झालं असतं. पण पुस्तकात ‘कुंडीतील रोप’ लिहिलं होतं. पुस्तकाबाहेरचं पान तोडायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही. मला ते कॉलेजात गेल्यावर सुचलं.

पथक बाराला आलं. तीन साहेब, त्यातले एक मोठे, दोघं लिहिणारे. दारात मुलींनी औक्षण केलं, कपाळाला ओलं कुंकू लावून त्यावर अक्षता चिकटवल्या. मोठ्या साहेबांच्या कपाळावर जागा भरपूर असल्यामुळे अक्षताही भरपूर बसल्या. त्यांनी कपाट पाहिलं, मोरचूद पाहिलं, सूक्ष्मदर्शकाला जुना ओळखीचा भेटावा तशी मान हलवली. मग म्हणाले, “चालू प्रयोग आहे का काही?”

मी पान पाण्यात उकळलं. मग चंचुपात्र गरम पाण्यात धरून स्पिरिटात उकळलं. स्पिरिट हिरवं व्हायला हवं होतं. हळदीने ते आधी पिवळंधमक झालं. एक लिहिणारे साहेब “हे काय?” म्हणाले. सर म्हणाले, “स्थानिक वनस्पती आहे.” पान पांढुरकं पडलं. ते मी बशीत पसरलं आणि वर आयोडीन टाकलं.

पान पिवळट तपकिरी झालं आणि तसंच राहिलं. सगळे बशीकडे बघत होते. अध्यक्षसाहेब सरांकडे बघत होते. मी सरांच्या हाताकडे बघत होतो. खडूने पांढरी झालेली त्यांची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरलेली होती. वारंगा फाट्यावरचं ते दुकान मी कधी आतून पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी मला ते पोत्यांसकट दिसलं.

मोठे साहेब नीट पाहायला वाकले. कपाळावरचं कुंकू एव्हाना वाळलं होतं. तीन-चार अक्षता सुटून बशीत पडल्या, आणि बघता बघता निळ्या-काळ्या झाल्या.

“झालं की निळं!” साहेब म्हणाले. “वा! छान!”

“छान, छान,” अध्यक्षसाहेब म्हणाले. लिहिणाऱ्यांनी लिहिलं. सरांनी टेबलाची कड सोडली. टाळ्या झाल्या.

मी गप्प बसायला हवं होतं. आता वाटतं, त्या वयात गप्प बसणं काय अवघड होतं? पण आठ दिवस माझ्याकडून निरीक्षण आणि अनुमान पाठ करून घेतलं होतं, आणि हे निरीक्षण चुकीचं होतं.

“साहेब,” मी म्हणालो, “पान निळं झालं न्हाई. तुमच्या कपाळावरचा तांदूळ निळा झाला.”

टाळ्या थांबल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला, बोटांना दोन दाणे आले. ते त्यांनी स्वतःच बशीत टाकले. तेही निळे झाले.

“मग पान का नाही झालं?”

“त्यात अन्न न्हाई, साहेब. दोन दिवस उजेड नव्हता त्याला. देवीच्या गाभाऱ्यात होतं.”

“गाभाऱ्यात कशाला? शाळेत अंधारी खोली नाही?”

“न्हाई, साहेब. शाळेचे पत्रे फुटलेत. कुठं बी बसलं तरी ऊन लागतंय.”

“आणि हा सूक्ष्मदर्शक...”

“जेवण तयार आहे, साहेब,” अध्यक्षसाहेब इतक्या जोरात म्हणाले की बाहेरच्या पोरांनी सुट्टी झाली समजून आरडाओरडा केला.

पथक जेवून गेल्यावर अध्यक्षसाहेबांनी सरांना ऑफिसात उभं केलं. पत्र्यामुळे आतलं बाहेर सगळं ऐकू येत होतं.

“कोणी शिकवलं त्या मेंढक्याच्या पोराला असं बोलायला?”

 सर म्हणाले, “मीच शिकवलं, साहेब.”

नवव्या दिवशी बायांनी माठ हलगी लावून शाळेत आणला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. पुढे महिनाभराने पत्र आलं. अनुदानाचा प्रस्ताव त्रुटीसाठी थांबवला होता. त्रुटी दोन: एक, छत; दोन, ‘प्रयोगशाळेस अंधाऱ्या खोलीची सोय नाही.’ बाटल्यांतलं पाणी, कपबशांचं कपाट, फिरता सूक्ष्मदर्शक, यातलं काहीच त्रुटीत बसलं नव्हतं. ज्या गावात आठवड्यातले चार दिवस वीज नसते, त्या गावाला अंधाराची सोय करायला सांगितलं होतं, आणि तीही माझ्यामुळे.

मी सरांच्या घरी गेलो, पाच किलोमीटर चालत. ते दारात सायकलची चेन बसवत होते. मी रडत म्हणालो, “सर, मी बोललो नसतो तर झालं असतं.” ते म्हणाले, “व्हय, झालं असतं.” त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काही वेगळं सांगितलं नाही. हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, “सासऱ्याकडून मी एक वर्ष मागून घेतलंय. खोली बांधू.”

शाळेच्या पत्र्यांची भोकं बुजवली आणि खोली बांधली. वडिलांनी मेंढरं दुसऱ्यांच्या हवाली करून चार दिवस माती कालवली. गुरवाने दगड दिले. अध्यक्षसाहेबांनी नारळ फोडला. खिडकी नाही, एकच दार, आतून डांबरी ताडपत्री. सरांनी पुस्तक घेऊन आत जाऊन पाहिलं, अक्षर दिसेना. पुढच्या हिवाळ्यात एक साहेब फक्त तेवढी खोली तपासायला आले. खात्री करावी म्हणून त्यांनी आत जाऊन दार लावून घेतलं. मग त्यांना कडी सापडेना. बराच वेळ आतून दार वाजत होतं. बाहेर आले तेव्हा घामाघूम होते, पण त्यांनी शेरा चांगला दिला.

त्याच महिन्यात आम्ही तो प्रयोग पहिल्यांदा खराखुरा केला. तीच जास्वंद, दोन दिवस खोलीत, मग पानाला मधोमध काळ्या कागदाचा पट्टा आणि चार तास ऊन. आयोडीन टाकलं तसं पान दोन्ही बाजूंनी निळं-काळं होत गेलं आणि मधे कोरा पट्टा उरला. वर्गात कोणी टाळी वाजवली नाही. जो तो पुढच्याला ढकलून बशीत डोकावत होता. मागून एका मुलीने विचारलं, “सर, म्हंजे वहीत लिहिलं होतं ते खरंच हाय?”

आदेश दहावीच्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधी आला. शिपाई तो घेऊन मैदानातून पळत आला. सर आणि मी खोलीत सातवीच्या पोरांसाठी नवीन रोप ठेवत होतो. सर बाहेर आले, कागद हातात घेतला, उन्हात डोळे बारीक करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. “वाच,” म्हणाले. “मोठ्यानं वाच.”

मी वाचलं: सदर शाळेत अंधाराची पुरेशी सोय असल्याचे आढळून आल्याने शाळा अनुदानास पात्र ठरविण्यात येत आहे.

“परत वाच,” सर म्हणाले.

मी परत वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला थांबवलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली, सायकल काढली आणि शेवटचा तास तसाच सोडून वारंगा फाट्याच्या रस्त्याला लागले.